लालबागचं उदाहरण

ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की झोपेतून उठवलं तरी धडाधड सांगेन. फक्त खरी कधी सांगितली नाही. म्हणजे — एका घरात सांगितली, याच उन्हाळ्यात. पण ते घर त्या गोष्टीतलंच आहे, ते धरायचं नाही. बाहेर काहींना कामापुरतं कळवलंय, पण बाहेरच्या माणसाला सगळं मी पहिल्यांदाच सांगतेय. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून सोपं जातंय, असं लिहायला बसताना वाटलं होतं. तसं काही नाही. ओळखीचे असतात तरी आता सांगितलंच असतं.

मी कायदा शिकवते, दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या कॉलेजात. माझा विषय म्हणजे नोकरीच्या ठिकाणी आलेली एआय. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला बढती द्यायची, कुणाला घरी बसवायचं हे आता पुष्कळ ठिकाणी आधी कॉम्प्युटर ठरवतो आणि मग माणूस मान डोलावतो. हे न्यायाला धरून आहे का, आणि चुकलं तर पकडायचं कुणाला — यावर मी लिहिते, बोलते, समित्यांवर बसते. हा विषय घेतला तेव्हा स्टाफरूममध्ये सगळे मला ‘रोबोटची वकिलीण’ म्हणून चिडवायचे. आता तीच मंडळी आपल्या भाच्या-पुतण्यांना माझ्याकडे मार्गदर्शनाला पाठवतात. याची मला फार मजा वाटायची.

माझं नाव झालं ते एका उदाहरणामुळे. आमच्या क्षेत्रात त्याला ‘लालबागचं उदाहरण’ म्हणतात. ते असं — लालबागच्या चाळीत राहणारी एक मुलगी. दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या कॉलेजातून कायदा शिकलेली, हुशार, मेहनती. तिने एका संशोधनाच्या कामासाठी अर्ज केला — कुठे, ते मी कधी सांगितलं नाही. अर्ज आधी यंत्राने वाचले, आणि यंत्राने तिला खाली ढकललं. का? तर पत्त्यात चाळ होती, खोली नंबर होता. पुढे एक वाक्य मी जरा थांबून म्हणायचे — ‘त्या मुलीने पुन्हा कुठेही अर्ज केला नाही.’ सभागृहात हळहळ पसरायची. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा तर लोक चहा घ्यायचं विसरले होते.

तुम्ही म्हणाल, मग यात लपवण्यासारखं काय? अशी यंत्रं पत्ता बघून माणसाला मागे टाकू शकतात, हे खरंच आहे. मुलगी खरी आहे. तिने पुन्हा अर्ज केला नाही हेही खरं. मग खोटं काय आहे? — थांबा जरा. मी रोज वर्गात मुद्द्यावर या, मुद्द्यावर या म्हणून ओरडत असते, आणि स्वतःची पाळी आली की अशी गोल गोल फिरते.

त्या मुलीला इथे नंदिनी म्हणते. तिचं खरं नाव घ्यायचा हक्क आता मला नाही.

नंदिनीला मी तिच्या जन्मापासून ओळखते. कारण लालबागच्या त्या चाळीत, तिच्या शेजारच्या खोलीत, मी वाढले. हे वाचून माझ्या कॉलेजातले लोक खुर्चीत सरळ बसतील. त्यांच्या समजुतीप्रमाणे मी मूळची गिरगावची. लग्नानंतर गिरगावात आले, बोलणं आधीच घासूनपुसून घेतलं होतं, आडनावावरून काही कळत नव्हतं — आणि एकदा कुणीतरी म्हणालं, ‘तुम्ही गिरगावच्याच ना मूळच्या?’ मी हसले. खोटं बोलले का? नाही. हसण्यावर कुठे शपथ असते? मग पुढची कित्येक वर्षं मी तशीच हसत राहिले.

माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. गावच्या एका माणसाने त्यांना चिकटवलं होतं. तेव्हाची रीतच ती — जो आधी आला त्याने आपल्या भावाला आणायचं, भावाने मेव्हण्याला. गिरणी बंद पडली आणि आई एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायला लागली. शाळेतून मी घरी यायचे तेव्हा दाराला कुलूप असायचं. मला कधी कुलपासमोर उभं राहावं लागलं नाही, कारण शेजारी सुमनकाकी होत्या. आमच्याच गावच्या, मालवणकडच्या, नुकत्या लग्न होऊन आलेल्या. त्यांच्याकडेच मी जेवायचे, त्यांच्याच ओट्याला पाठ लावून अभ्यास करायचे. माझी दहावी त्या ओट्याखाली झाली. त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली. तीच नंदिनी. तिला अ-आ-इ मी शिकवलं. ती मला बेबीताई म्हणायची. चाळीत मी सगळ्यांचीच बेबी होते.

पुढे ती म्हणायला लागली, बेबीताईसारखी वकील होणार. आणि एलएलबी झालीही.

आता तो काळ आठवा जेव्हा आमच्या कॉलेजात ‘एआय’ हा शब्द नवा कोरा होता. विभागाला एक संशोधन प्रकल्प मिळाला — नोकरभरतीत यंत्राचा वापर. त्यासाठी एक सहायक घ्यायचा होता. आमचे विभागप्रमुख, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, त्यांनी कल्पना काढली की सहायकाची निवडही तसाच एक प्रोग्रॅम वापरून करू. अर्ज तो वाचेल, लेखी चाचणी तो तपासेल, क्रम लावेल. शेवटचा निर्णय माझा. मला तर हे फारच पटलं. वशिल्याची मला लहानपणापासून चीड. ‘हा आपला गाववाला, याला घे’ ऐकत मोठी झालेली मी. यंत्राला मामा नसतो, गाव नसतं — असं मी सरांना म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं. सरांनी मान डोलावली होती.

नंदिनीने अर्ज केला. मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. नंतर म्हणाली, ‘तू उगाच अडचणीत नको यायला.’ बघा म्हणजे! वशिल्याचा वास येऊ नये म्हणून तिने जी काळजी घेतली ती मी सुद्धा घेतली नव्हती.

क्रम लागला तेव्हा पडद्यावर पहिलं नाव तिचं होतं.

हो, पहिलं. यंत्राने तिला खाली ढकललं नाही. यंत्राने तिचा पत्ता वाचला, चाळ वाचली, खोली नंबर वाचला, आणि तरी तिला सगळ्यांच्या वर ठेवलं. मला आनंद झाला का? झाला. खरंच झाला. ऊर भरून आला. तेवढं तरी माझ्या बाजूने असू दे — नाही, बाजू वगैरे काही नको. झाला, एवढंच.

मग मुलाखतीचा दिवस उजाडला.

हा भाग मी नवऱ्यालाही कधी सांगितला नाही. त्याला चाळ माहीत आहे, काकी माहीत आहेत, हे माहीत नाही. आज मी लिहून झाल्यावर त्याच्यासमोर ठेवणार आहे. तो काय म्हणेल ते म्हणो.

कॉरिडॉरमध्ये मी, सर आणि दोन सहकारी उभे होतो. सर काहीतरी विनोद सांगत होते. जिन्यावरून नंदिनी आली — कडक इस्त्रीचा पांढरा ड्रेस, हातात फाइल आणि एका कापडी पिशवीत डबा. मला बघून तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. आणि तिने त्या उंच छताच्या, दबक्या आवाजात बोलायच्या कॉरिडॉरमध्ये, चाळीच्या गॅलरीत मारावी तशी हाक मारली. ‘बेबीताई! अगं, आईने घावणे दिलेत तुला. गरम आहेत, लगेच खा हां!’

डबा माझ्या हातात देऊन ती बाकावर जाऊन बसली. सर हसत होते. वाईट नव्हतं त्यांचं हसणं, पण हसत होते. म्हणाले, ‘बेबीताई! ओळखीची दिसते मुलगी?’

एका क्षणात मी काय काय म्हणू शकले असते! माझ्या शेजारची. माझ्या धाकट्या बहिणीसारखी. तिच्या आईच्या हातचं जेवून मी मोठी झाले. यातलं कुठलंही वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, ‘आमच्याकडे कामाला येतात ना, त्या बाईंची मुलगी.’

झालं. हे ते. बोलायला जराही कष्ट पडले नाहीत — याचंच मला अजून नवल वाटतं. ज्या बाईने मला वाढवलं तिला मी माझ्या घरची धुणीभांडी करायला लावलं, आणि तिच्या हातच्या घावण्यांचा डबा तेव्हा माझ्याच हातात होता. गरम होता. तळव्याला चटका बसत होता.

आणि सर? सर भारावले! म्हणाले, ‘कामवाल्या बाईंची मुलगी एलएलबी? आणि एवढे मार्क? तुम्हीच शिकवलं असणार. कौतुक आहे हो तुमचं.’ आता काय सांगायचं? मी हसले. हसण्याची सवय होतीच.

कुणाकडे धुणीभांडी करण्यात कमीपणा आहे असं नाही, हे मी वर्गात तावातावाने सांगते. मग मला ते थाप म्हणून का सुचलं? कारण मला नंदिनी माझ्यापासून खूप लांब हवी होती. लांब आणि खाली. दोघी एकाच जिन्यावरून आलोय हे त्या लोकांना कळू नये म्हणून. लाज वाटली मला. तिची नाही, काकींची नाही — त्या गॅलरीची, त्या ‘बेबी’ची, माझी स्वतःची. पण भोगायला लावली त्यांना.

पुढचं गणित तुमच्या लक्षात आलं असेल. ती रोज विभागात येणार, सरांच्या शेजारी बसणार, गप्पा होणार. आज ना उद्या कुणीतरी तिला विचारणार, आई कुठे काम करते तुझी? माझी थाप जगवायची तर नंदिनी तिथे नको होती. मुलाखत तिने उत्तम दिली. सर म्हणाले, ‘घेऊन टाका, प्रश्नच नाही.’ मी गंभीर चेहरा करून म्हणाले, ‘सर, माझ्या घरच्यांच्या ओळखीतली मुलगी. वशिला वाटेल. तत्त्वाचा प्रश्न आहे.’ सरांना माझ्याबद्दल आणखीच आदर वाटला. त्या आठवड्याइतका आदर मला कधीच मिळाला नाही.

प्रोग्रॅममध्ये क्रम बदलायची सोय होती. बदलायचा तर कारण निवडावं लागे. तिथे चार-पाच कारणं दिलेली होती आणि शेवटी होतं ‘इतर’. मी ‘इतर’ निवडलं आणि बटण दाबलं. नंदिनीचं नाव सरकत सरकत खाली गेलं. तेव्हापासून जगभर मी सांगत हिंडतेय की निर्णय यंत्राचा असो वा माणसाचा, कारण स्पष्ट दिलंच पाहिजे.

रविवारी मी स्वतः लालबागला गेले. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं, असं मनाशी म्हटलं. गॅलरीत उभं राहून नंदिनीला म्हणाले, ‘कॉम्प्युटरने तुझं नाव फार खाली टाकलं गं. पत्त्यावरून असेल. या प्रोग्रॅमचं असंच असतं. माझ्या हातात काही नव्हतं.’ तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिने माझ्यावर विश्वास ठेवला — का ठेवणार नाही? तिच्या ओळखीत त्यातलं सगळ्यात जास्त कळणारी मीच. उलट मलाच म्हणाली, ‘तू नको वाईट वाटून घेऊ, बेबीताई. जेवून जा.’ मी जेवून आले.

वकिलीतलं तिने मग काहीच केलं नाही. सनद घेतली नाही. जिथे अर्ज कॉम्प्युटर वाचतो तिथे आपलं काही होणार नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. ती दादरच्या हिंदमाताला एका साड्यांच्या होलसेल दुकानात लागली, कारण तिथले शेठ तोंड बघून नोकरी देत. आज ती ते दुकान चालवते म्हटलं तरी चालेल. शेठ तिला विचारल्याशिवाय पान हलवत नाहीत. तिचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. तिला जे व्हायचं होतं ते झालं नाही, आणि ते माझ्यामुळे.

हे अर्ज न करण्याचं मला काकींनीच सांगितलं, त्या काळजीने बोलत होत्या. आणि मी काय केलं? पुढच्या भाषणात ते वाक्य घातलं. ‘त्या मुलीने पुन्हा कुठेही अर्ज केला नाही.’ थांबून म्हणायचे ते. जखम मी केली, आणि तीच पुरावा म्हणून दाखवत फिरले. खोट्या साक्षीदाराची उलटतपासणी कशी करायची हे मी दरवर्षी शिकवते. इतकी वर्षं माझी कुणी घेतली नाही.

आणि दर उन्हाळ्यात काकींकडून मसाल्याची बरणी यायची. चाळ पाडली, तिथे टॉवर झाला, काकी वरच्या मजल्यावर राहायला गेल्या, तरी बरणी चुकली नाही. लालबागच्या डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, स्वतः उभं राहून कुटून आणलेला मालवणी मसाला. आमच्या गिरगावच्या घरात माझ्या हातच्या माशाच्या कालवणाचं फार कौतुक आहे. पाहुणे विचारतात, काय घालता? मी कधी खरं सांगितलं असेल, असं वाटतं तुम्हाला?

यंदा फेब्रुवारीत वर्गात नेहमीप्रमाणे लालबागचं उदाहरण दिलं. नेहमीप्रमाणे शेवटी म्हणाले, ‘यंत्रामागे माणूस असतो. म्हणून कुठलीही केस हातात आली की आधी विचारा, बटण कुणी दाबलं?’ पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ‘मॅडम, लालबागच्या केसमध्ये बटण कुणी दाबलं?’ साधा प्रश्न. खोचकपणा नव्हता त्यात. मीच शिकवलेलं ती मलाच विचारत होती. मी म्हणाले, ‘तो मुद्दा वेगळा आहे.’ तिने वहीत लिहून घेतलं — मुद्दा वेगळा आहे. ती ते इतक्या विश्वासाने लिहून घेत होती की मला गॅलरीतली नंदिनी आठवली. तास कसाबसा संपवला.

तरी लालबागला जायला एप्रिल उजाडला. मी धीराची नाही, हे एव्हाना कळलंच असेल.

टॉवरमध्ये सगळ्यांची दारं बंद असतात. काकींचं उघडं होतं. गॅलरी गेली पण सवय गेली नाही. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून काकी आणि नंदिनी मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. घरभर शिंका. ‘इलंस गो? बस,’ काकी म्हणाल्या आणि माझ्यासमोर एक ढीग सरकवला. मीही खुडायला लागले. हात कामात असले की जीभ सुटते, असा माझा अंदाज होता. सुटली नाही. अर्धा ढीग संपल्यावर मी तशीच, मान खाली घालून, सगळं सांगितलं. कॉरिडॉर, डबा, कामवाली, बटण, भाषणं. काही गाळलं नाही. मिरच्यांनी डोळ्यांना पाणी येतच होतं, त्यामुळे रडून कुणाला विरघळवायचीही सोय नव्हती. ते बरंच झालं.

काकींनी देठ खुडायचं थांबवलं. माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘माका कामवाली म्हटलंस, तां रवांदे. माझ्या चेडवाक खाली कित्याक टाकलंस?’

माझ्या लेकीला खाली का टाकलंस, एवढंच त्यांना हवं होतं. कारण आहे, ते वर लिहिलंच आहे. पण ‘कित्याक’चं उत्तर ते नव्हे.

मला वाटलं होतं नंदिनी भडकेल. भडकायला हवी होती, मी तयारी करून गेले होते. ती हातातल्या मिरचीकडे बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, ‘म्हणजे मी पहिली आलेले?’

‘हो.’

‘सगळ्यांत?’

‘सगळ्यांत.’

ती उठली. आतल्या खोलीत तिची मुलगी अभ्यास करत होती. दाराशी उभी राहून नंदिनी तिला म्हणाली, ‘ऐकलंस गं? मम्मी पहिली आलेली.’ मुलीने काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. नंदिनी परत आली, आईजवळ बसली आणि पुन्हा तेच म्हणाली, जणू आईने ऐकलंच नव्हतं, ‘आई, मी पहिली आलेले.’ काकींनी तिखटाचे हात लांब धरून कोपराने तिला जवळ घेतलं. ‘माका ठावक होतां,’ म्हणाल्या.

माझ्याकडे दोघींनी बघितलं नाही. मी माझा ढीग पुरा केला आणि उठले. हात धुताना नंदिनी मागे येऊन उभी राहिली. ‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘गोष्ट सांगायची तर आता पूर्ण सांगा.’ तिने मला मॅडम म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. जेवून जा असं कुणी म्हणालं नाही.

खाली उतरले, भारतमाता टॉकीजपर्यंत चालत आले. हातांची आग होत होती. आणि तुम्हाला पटणार नाही — मला हलकं वाटत होतं. इतकं की एका टपरीवर थांबून मी वडापाव खाल्ला, तो तिखट हातांनी खाल्ला, पुन्हा डोळ्यांना पाणी आलं, आणि मी त्या गर्दीत एकटीच हसायला लागले. या वेळचं हसणं मात्र काही लपवायला नव्हतं. त्यांना दुखवून यायचं आणि आपण हलकं होऊन परतायचं, यात न्याय कसला? काही नाही. पण वाटलं ते वाटलं. त्या दिवसापासून मला झोप छान लागते. माझा आवाजही जरा मोठा झालाय, असं नवरा म्हणतो. परवा फोनवर गावच्या कुणाशी तरी मी मालवणीत बोलत होते, आणि स्टाफरूम भरलेली होती.

ज्या नियतकालिकाच्या अंकात ते उदाहरण पहिल्यांदा छापलं होतं त्याच्या संपादकांना कळवलं आहे. एका समितीतून स्वतःहून बाहेर पडले, दुसरीने काढलं. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, त्यांना भेटून सांगितलं. सुमनकाकी आमच्याकडे कधीच कामाला नव्हत्या. आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. सर चहा थंड होतोय म्हणाले.

यंदा मसाल्याची बरणी आली नाही. मी दुकानातून पाकीट आणलं. कालवण आता बेताचंच होतं, आणि कुणी विचारलं तर मी सांगते की पूर्वीचा मसाला सुमनकाकींचा होता.

सोमवारी वर्ग आहे. तोच वर्ग, आता एक वर्ष पुढे गेलेला. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं होतं त्याचं उत्तर आधी देणार आहे, मग हजेरी. लालबागच्या केसमध्ये पडद्यावर पहिलं नाव त्या मुलीचं होतं. यंत्राने तिला पहिली ठरवली होती. बटण मी दाबलं.